लाझारच्या नावाचा गहू

१९७२ साल. फेब्रुवारीतल्या मृतांच्या शनिवारी समुद्रकाठच्या पोमोरिये गावातल्या घराघरांतून उकडलेल्या गव्हाचा वास सुटला होता, आणि वेलिकाच्या चुलीवर मात्र नेहमीसारखीच घेवड्याची आमटी शिजत होती.

गहू उकडायचा, फडक्यावर पसरून कोरडा करायचा, त्यात पिठीसाखर आणि अक्रोड मिसळायचे, आणि सकाळी दफनभूमीत नेऊन आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने येईल-जाईल त्याच्या ओंजळीत चमचाभर घालायचा, अशी इथल्या बायकांची रीत होती. सरकारातल्या वरच्या लोकांना ती पसंत नव्हती. पण पक्षाच्या सेक्रेटरीची आईच सगळ्यांत मोठं पातेलं घेऊन यायची, तेव्हा बोलणार कोण?

वेलिकाने त्या वर्षी गहू आणून ठेवला होता. तिचा मुलगा लाझार मासेमारीच्या मोठ्या जहाजावर होता. ते जहाज तीन हिवाळ्यांपूर्वी अटलांटिकच्या उत्तरेला वादळात उलटलं. जवळच्या दुसऱ्या जहाजाने ते उलटताना पाहिलं आणि रेडिओवरून कळवलं. त्या पाण्यात माणूस पाव तासही टिकत नाही असं सगळे म्हणाले. एकही जण परत आला नाही, एकाचंही प्रेत मिळालं नाही. बुर्गास बंदरातून दोघे जण टोप्या हातात घेऊन वेलिकाच्या दारात आले, तेव्हा तिने त्यांना कॉफी दिली आणि म्हणाली, "बघू या."

आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीचा, फोटो छापलेला कागद घराच्या फाटकावर चिकटवतात. मग चाळिसाव्या दिवशी दुसरा, वर्षाने तिसरा. उन्हापावसाने फाटतो, पुन्हा नवा लागतो. गावातल्या प्रत्येक फाटकावर कोणी ना कोणी असतंच. वेलिकाच्या फाटकावर कोणी नव्हतं. तिने लाझारचा कागद लावला नाही, गहूही वाटला नाही.

हे सगळं तिचं एकटीचं असतं तर गाव गप्प बसलं असतं. पण घरात रुसाना होती, लाझारची बायको. लग्न झाल्यावर नवऱ्याचा सहवास तिला मिळाला तो दोन सुट्ट्यांपुरता. गावच्या मिठागराच्या गोदामात ती पोती शिवायची, आणि मिठाच्या ट्रकवरचा झेल्यो नावाचा ड्रायव्हर पोती मोजून घेताना मुद्दाम चुकायचा, म्हणजे पुन्हा मोजावी लागत. झेल्यो चांगला होता. पण ज्याच्या फाटकावर कागद नाही, ज्याच्या नावाने गहू वाटलेला नाही, त्याच्या बायकोला लग्नाचं विचारायचं कसं? नवरा मेल्याचा कोर्टाचा कागद मिळाला असता. पण सासूच्या डोळ्यांदेखत तसं करायला रुसाना धजावली नाही.

त्या फेब्रुवारीत ती एकदा वेलिकाच्या पायांशी बसून एवढंच म्हणाली, "आई, मी एकोणतीसची होते आहे."

 वेलिका म्हणाली, "बरं. या शनिवारी." रुसानाने दुसऱ्याच दिवशी बुर्गासला जाऊन कागद छापून आणले. खलाशाच्या टोपीतला लाझार, किंचित हसणारा.

आणि त्याच आठवड्यात वाचनघरात मेतोदी मास्तरांचं व्याख्यान झालं.

त्या काळी हिवाळ्यात वाचनघरात दर गुरुवारी व्याख्यान असे. बायकांच्या डोक्यातलं देवाधर्माचं खूळ निघावं म्हणून वरून विषय ठरवून येत. मिठागरात कामाला असणाऱ्या बायकांना तिथूनच तिकिटं वाटली जात, त्यामुळे जावंच लागे. शिवाय वाचनघरात शेगडी चांगली पेटलेली असायची. बायका विणकाम घेऊन जात. मेतोदी मास्तर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बायको नाही, मूल नाही, छातीत कायमची घरघर. लाझार त्यांचाच विद्यार्थी, आणि फारसा हुशार नव्हे.

"आजचा विषय," मास्तर म्हणाले, "वेळ."

"लवकर आवरा म्हणजे झालं," मागून गिना म्हणाली. गिना वेलिकाची शेजारीण, तोंडाची फटकळ.

मास्तरांनी फळ्यावर एक गाडी काढली. चालत्या गाडीतून पुढे दगड फेकला तर गाडीचा वेग दगडाला मिळतो. "पण त्याच गाडीतून पुढे कंदील दाखवला, तर उजेडाला गाडीचा वेग मिळत नाही. गाडी उभी असो, धावत असो, उजेड आपल्या एकाच वेगाने जातो. तुम्ही त्याच्याकडे धावत जा नाहीतर त्याच्यापासून पळा, मोजाल तेव्हा तोच वेग. असं का, मला विचारू नका. ते तसं आहे. शंभर वेळा मोजून झालं आहे."

मग त्यांनी एक जहाज काढलं. वेलिकाची सुई थांबली.

"जहाज चाललंय. एक वीज नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर पडली, एक मागच्या टोकावर. काठावर बरोबर मध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही एकाच क्षणी दिसल्या. तो म्हणतो, दोन्ही एकदम पडल्या. आता जहाजाच्या मधोमध उभा असलेला खलाशी. तो नाळेच्या उजेडाकडे चाललाय आणि मागच्या उजेडापासून दूर. त्याला कुठली आधी दिसेल?"

"पुढची," दोघी-तिघी म्हणाल्या.

"आणि उजेडाचा वेग तर त्याच्याही लेखी दोन्हीकडून सारखाच. दोन्ही टोकं त्याच्यापासून सारखीच लांब. मग त्याने काय म्हणायचं? नाळेवरची आधी पडली. काठावरचा म्हणतो, एकदम. सांगा, खोटं कोण बोलतंय?"

"खलाशी," गिना म्हणाली. "खलाशी नेहमीच खोटं बोलतात."

हशा झाला. मास्तरही हसले. "कोणीच खोटं बोलत नाही. दोघंही खरं बोलतात. लांबलांबच्या दोन गोष्टी 'एकाच वेळी' झाल्या का, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तरच नाही. सगळ्या जगाचा मिळून एक 'आत्ता' नाही. ज्याचा त्याचा 'आत्ता' वेगळा. आणि यातूनच निघतं, की जो फिरतो त्याचं घड्याळ बसलेल्याच्या घड्याळापेक्षा हळू चालतं."

"मास्तर," गिना म्हणाली, "माझा नवरा गुत्त्यातून दोन तासांनी येतो आणि शपथेवर सांगतो की दहाच मिनिटं झाली. ते यातलंच का?"

"त्याला फार जोरात चालावं लागेल, गिना."

"जोरात? तो येताना रांगतो!"

सभागृह खदखदून हसलं. वेलिका हसली नाही. तिने विणकाम पिशवीत घातलं आणि हात वर केला. सगळ्या वळून बघायला लागल्या, कारण वेलिका चारचौघांत कधी बोलत नसे.

"मास्तर, सगळ्यांचा 'आत्ता' एक नसेल, तर एखादा माणूस आत्ता आहे की नाही, हे लांबून दुसऱ्याने कसं ठरवायचं?"

मास्तरांना प्रश्न कुठून आला ते कळलं. ते खोकले. बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, वेलिकाबाई. सवडीने बोलू."

घरी आल्यावर वेलिकाने गव्हाची पिशवी परत फडताळात ठेवली. रुसाना बघत राहिली.

"आई, उद्या भिजत घालायचा ना?"

"थांब जरा," वेलिका म्हणाली. "मास्तरांकडून एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे."

छापलेले कागद टेबलावरच्या मेणकापडाखाली गेले. शनिवारी गावभर गहू वाटला गेला, आणि लाझारच्या वाट्याचा फडताळातच राहिला. गावाने बोलायचं ते बोलून घेतलं. देव काढायला व्याख्यान ठेवलं, तर म्हातारीला तिथे नवा देव सापडला, असं सेक्रेटरी कपाळावर हात मारून म्हणाल्याचं सांगतात.

त्यानंतर वेलिका दर गुरुवारी मास्तरांच्या घरी जाऊ लागली. कधी लोणच्यातल्या मिरच्या घेऊन, कधी खारवलेली मासळी. जेमतेम चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण एकदा मनावर घेतलं की सोडत नसे. मास्तर टेबलावर पेल्यांची जहाजं करत, चमच्यांच्या विजा पाडत. ती पुन्हा पुन्हा विचारायची, आणि पुढच्या वेळी येताना स्वतःच मांडणी करून दाखवायची. अशी शिकणारी मास्तरांना सबंध नोकरीत भेटली नव्हती. गुरुवारी ते दाढी करायला लागले.

मार्चमध्ये ती म्हणाली, "हे घड्याळाचं मला हाताने करून बघायचंय."

घरात दोन गजराची घड्याळं होती. एक जुनं, आणि एक लाझारने पहिल्या सफरीत लास पाल्मास बंदरातून आणलेलं. ज्याने समुद्र पाहिलाय तेच जाऊ दे, असं म्हणत तिने ते लाझारचं घड्याळ फडक्यात गुंडाळून झेल्योच्या हातात दिलं. तो तेव्हा रोज मीठ घेऊन डोंगरापलीकडे जात होता.

"मावशी, मी माणसांना नेलंय, मेंढ्यांना नेलंय," झेल्यो म्हणाला. "घड्याळाला फिरायला न्यायची पहिलीच वेळ. खिडकीशी बसवू का?"

"जोरात चालव म्हणजे झालं."

"पोलिसाने पकडलं तर काय सांगू?"

"वेलिकाने सांगितलंय म्हण."

रुसाना फाटकाशी उभी होती. झेल्योने तिच्याकडे बघून घड्याळाला सलाम ठोकला, तशी ती हसली. त्या घरात फार दिवसांनी कोणी हसलं होतं.

आठवड्याने घड्याळ परत आलं. घरातल्या घड्याळाच्या ते चांगलं चार मिनिटं मागे होतं.

वेलिका ते छातीशी धरून मास्तरांकडे जवळजवळ पळत गेली. "मागे पडलं! मास्तर, मागे पडलं! नुसतं ट्रकमधून फिरलं तर एवढं, मग तीन वर्षं समुद्रावर फिरणाऱ्याचं किती? त्याच्या लेखी अजून ती वेळ आलीच नसेल. वादळाची. आलीच नसेल!"

मास्तरांनी घड्याळ हातात घेतलं. कानाला लावलं. त्यांना त्याच क्षणी माहीत होतं की ट्रकने आयुष्यभर धाव घेतली तरी फरक पापणी लवण्याच्या हजाराव्या भागाएवढाही पडत नाही. त्यांना हेही दिसलं की या बाईच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा तजेला आला आहे. आणि तिसरी एक गोष्ट होती, जी त्यांनी स्वतःशीही धड कबूल केली नाही: हिला सगळं कळलं की गुरुवार संपले.

"बघू," ते म्हणाले. "आणखी विचार करायला हवा."

त्या 'बघू'वर वेलिकाने सगळा वसंत काढला. झेल्योला हे कळलं तेव्हा तो रुसानाला म्हणाला, "म्हणजे माझ्याच ट्रकने माझा घात केला." तो हसत म्हणाला, पण पुढे त्याने सांगून टाकलं की तो मेच्या सुरुवातीला येणाऱ्या सेंट जॉर्जच्या सणापर्यंत थांबेल. बुर्गासला त्याची आई एक मुलगी बघून बसली होती.

सेंट जॉर्जचा सण आला. घरोघरी कोकरू भाजलं गेलं. वेलिकाच्या घरीही थोडं आणलं होतं, रुसानाने त्याला हात लावला नाही. वेलिकाला वाटलं, पोरीचं पोट बरं नसेल.

मेच्या मध्यावर मिठाच्या वाफ्यांचे बांध लिंपायचं काम सुरू झालं. हिवाळ्यात खचलेले बांध फावड्याने नीट करायचे, मग समुद्राचं पाणी आत घ्यायचं. वेलिका गुडघाभर चिखलात उभी होती. दुपारच्या उन्हात मास्तर बांधावरून सावकाश, थांबत थांबत येताना दिसले. गुरुवार नव्हता.

"वेलिकाबाई, ते घड्याळ कुठाय?"

"फळीवर. दुसऱ्याच्या शेजारी."

"ट्रकमधून आल्यावर तुम्ही दोन्ही जुळवली होतीत?"

"हो. रोज किल्ली देते."

"मग आता काय दिसतं? दोन्ही एकाच फळीवर आहेत. कोणी कुठे फिरलेलं नाही."

वेलिकाचं फावडं थांबलं.  ते घड्याळ रोज थोडं मागे पडत होतं, आणि रोज सकाळी ती त्याचा काटा पुढे करत होती. हात ते करत होता. डोक्याला तिने विचारलं नव्हतं.

"ते तसंच आहे," ती शेवटी म्हणाली. "बसल्या जागीही मागे पडतं."

"स्प्रिंग ढिली झालीय. मला मार्चमध्येच कळायला हवं होतं. कळलं होतं." मास्तर बांधावर बसले, त्यांना दम लागला होता. "रुसाना माझ्याकडे आली होती, एप्रिलमध्ये. म्हणाली, आईंना खरं सांगा. मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही."

"घड्याळ जाऊ दे," वेलिका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "ते 'आत्ता'चं तरी खरं आहे ना? सगळ्यांचा 'आत्ता' एक नाही, ते?"

"ते खरं आहे."

"म्हणजे लांब कुठेतरी, एखाद्या ताऱ्यावर, कोणी असेल, चालत असेल, आणि त्याच्या 'आत्ता'त लाझारचं जहाज अजून तरंगत असेल. असं होऊ शकतं ना? मी मांडून बघितलंय. पेल्यांनी."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "होऊ शकतं. तुम्ही बरोबर मांडलंय. पण त्या ताऱ्यावरच्याला लाझार दिसत नाही. त्याला लाझारला हाकही मारता येत नाही. त्याने आज हाक मारली, तर ती इथे पोचेपर्यंत आपण कोणीच नसू. तो नुसता हिशोबाने म्हणणार, की 'आत्ता' तिकडे असं असेल."

"म्हणू दे. कोणीतरी म्हणतंय ना."

"वेलिकाबाई, ऐका. उरलेलं मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही." त्यांनी काठी घेऊन ओल्या चिखलात दोन टिंबं काढली आणि एकातून दुसऱ्याकडे रेघ ओढली. "आधी काय आणि नंतर काय, हा घोळ कुठे होतो? दोन गोष्टी इतक्या लांब असतात, की एकीची बातमी दुसरीपर्यंत पोचायला उजेडालासुद्धा वेळ मिळालेला नसतो, तिथे. फक्त तिथे. पण एकदा का एका गोष्टीची बातमी दुसऱ्या जागी पोचली, मग पहिली आधी आणि दुसरी नंतर. कोणीही बघो. कुठल्याही ताऱ्यावरून, कितीही वेगाने जाणारा बघो. ते उलटत नाही. माझ्या सबंध विषयात याच्याइतकं पक्कं काही नाही."

वेलिका त्या रेघेकडे बघत राहिली. वाऱ्याने वाफ्यातलं पाणी हलत होतं.

"त्या दुसऱ्या जहाजाने पाहिलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"पाहिलं म्हणजे उजेडच पोचला."

"हो."

"मग त्यांनी रेडिओ केला. रेडिओही उजेडाच्याच वेगाने जातो, तुम्हीच म्हणालात. मग बंदर. मग ते दोघे टोप्या हातात घेऊन माझ्या दारात." तिने बोटाने हवेतच एकेक टिंब ठेवलं. "म्हणजे ते दोघे कडी वाजवत होते, तेव्हा... ते होऊन गेलं होतं. त्या ताऱ्यावरच्याच्या लेखीसुद्धा, कडी वाजायच्या आधी."

"सगळ्यांच्या लेखी."

"मी त्यांना कॉफी दिली," वेलिका म्हणाली.

 मास्तरांची घरघर तेवढी ऐकू येत होती. थोड्या वेळाने तिने फावड्याने चिखलाचा एक गोळा उचलला, बांधावर थापला, हाताने सारखा केला. ती रेघ त्याखाली गेली.

"तुम्ही शिकवलंत चांगलं," ती म्हणाली. "जा आता, ऊन लागेल."

मेच्या शेवटच्या शुक्रवारी, पेंटेकोस्टच्या सणाआधी येणाऱ्या मृतांच्या दुसऱ्या शनिवारसाठी, वेलिकाने फडताळातला गहू काढला. त्याला टोके लागले होते. तिने ते निवडले, गहू धुतला, उकडला. रुसाना गोदामातून आली आणि वासावरूनच दारात थबकली.

"मेणकापडाखालचे कागद काढ," वेलिका म्हणाली. "आणि खळ कर. माझं चुकलं, पोरी. मी समजून घेईन समजून घेईन म्हणून तुला टांगून ठेवलं. आता सगळं समजलंय. तू मोकळी आहेस. झेल्योला सांग, उद्या ये म्हणावं, मी स्वतः त्याच्याशी बोलते."

रुसानाने कागद काढले. एकाच्या कोपऱ्यावर कॉफीचा डाग पडला होता, तो तिने बाजूला ठेवला.

"झेल्योने सेंट जॉर्जचं कोकरू बुर्गासला खाल्लं, आई," ती म्हणाली. "त्या मुलीच्या घरी. पुढच्या रविवारी लग्न आहे."

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. सकाळी तिकडे जाता जाता तो स्वतः येऊन सांगून गेला. फाटकाशी. तुम्ही मास्तरांकडे होतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? त्याचं तिकडे ठरलंच होतं."

दोघींनी मिळून गहू फडक्यावर पसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी रुसानाने फाटकाला खळ लावली, वेलिकाने कागद चिकटवला आणि तळहाताने वरून खाली नीट बसवला. गिना समोरून आली, तिने बघितलं. तिने दोन्ही हातांची ओंजळ केली. वेलिकाने तीत चमचाभर गहू घातला.

"देव त्याला क्षमा करो," गिना म्हणाली.

"करो," वेलिका म्हणाली.

मेतोदी मास्तर त्यानंतर दोन हिवाळे जगले. वेलिका गुरुवारी त्यांच्याकडे पुन्हा गेली नाही. रागाने नव्हे, विचारायला काही उरलं नव्हतं. ते गेले तेव्हा त्यांचं असं कोणी नव्हतं, म्हणून वाचनघराने दारावर कागद लावला, आणि गहू वेलिकाने उकडला. वाचनघरातली व्याख्यानं पुढे बंद पडली. शेगडीही गेली.

झेल्योला दोन मुली झाल्या. मिठाचा ट्रक तो आणखी पुष्कळ वर्षं चालवत होता. वेलिकाच्या फाटकासमोरून जाताना तो कधी भोंगा वाजवत नसे. मग पाठीच्या दुखण्याने घरी बसला आणि बुर्गासलाच वारला. गिना नवऱ्याच्या मागे महिन्याभरात गेली.

वेलिका खूप जगली, नको इतकी जगली, असं ती स्वतःच म्हणायची. दर वर्षी लाझारचा नवा कागद लावायची. फोटोतला लाझार तसाच राहिला आणि आई त्याच्या आजीच्या वयाची झाली. लास पाल्मासचं घड्याळ तिने दुरुस्त करून घेतलं नाही, काटा पुढे करणंही सोडून दिलं. ते आपलं मागे पडत राहिलं, आणि एके दिवशी थांबलं.

रुसानाने लग्न केलं नाही. विचारायला आले होते एक-दोघे, पण तोवर तिला पोत्यांची आणि गप्प बसण्याची सवय झाली होती. सासूचं शेवटचं सगळं तिने केलं. अजून ती त्याच घरात असते. फाटकावर दोन कागद आहेत, दर वर्षी ती दोन्ही नवे करते. तिसरा कोण चिकटवेल, हे ती कोणाला विचारत नाही.